कोड सगळ्यांचा, किल्ल्या कुणाकडे?

समजा, एका शिक्षिकेने मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या आणि परीक्षा घेण्याच्या सॉफ्टवेअरवर, चाचणी घेतली. मुलांनी पेपर सोडवला, गुण लागले, पण गुणपत्रकात एका मुलीच्या नावापुढे सातच्या जागी साडेसहा दिसतायत. शिक्षिकेने हाताने बेरीज केली, तर सातच येतात. तिने संस्थेत मूडल सांभाळणाऱ्याला फोन लावला. त्याने डमी खात्यातून तोच प्रकार करून पाहिला, त्यालाही साडेसहा. "मॅडम, तुमचं काही चुकलेलं नाही, हा मूडलचाच बग आहे," तो म्हणाला. "मग मूडलवाल्यांना सांगा ना दुरुस्त करायला!"

इथेच घोडं पेंड खातं. मूडलवाले म्हणजे नक्की कोण?

मी स्वतः हेच सांभाळण्याचं काम करते, त्यामुळे या प्रश्नावर लोक काय काय धरून चालतात ते रोज कानावर पडतं. काहींना वाटतं, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, फुकट आहे, म्हणजे कुणाचंच नाही. काहींना वाटतं, एवढं जगभर चालतं म्हणजे मागे कुठलीतरी कंपनी असणार आणि ती बघून घेईल. प्रत्यक्षात अशा सॉफ्टवेअरची मालकी एका गठ्ठ्यात नसतेच. कोड वापरायचा हक्क सगळ्यांकडे असतो, त्यात नवं काय येऊ द्यायचं हे मोजके लोक ठरवतात, नाव आणखी कुणाच्या तरी ताब्यात असतं आणि रोजची झाडलोट भलतंच कुणी करत असतं. ज्याच्या कमरेला जी किल्ली, तो तेवढंच दार उघडू किंवा अडवू शकतो.

सुरुवात परवान्यापासून. मूडल सुरू केलं मार्टिन डुगियामास यांनी, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. त्याची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि ती जीपीएल परवान्याखाली होती. हा परवाना सांगतो: वापरा, उघडून बघा, हवं तसं बदला, दुसऱ्याला द्या, फक्त देताना त्याच अटींवर द्या आणि कोडसकट द्या. यात एक गंमत आहे. वेबवर चालणारं सॉफ्टवेअर आपण कुणाला 'देत' नाहीच. ते सर्व्हरवर बसलेलं असतं आणि लोक ब्राउझरमधून वापरतात. म्हणजे एखाद्याने मूडलमध्ये ढीगभर बदल केले आणि स्वतःच्याच सर्व्हरवर चालवले, तर ते बदल जगाला दाखवायचं बंधन त्याच्यावर नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी एजीपीएल नावाचा कडक भाऊ आहे. त्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मागता येतो. ओपन एडएक्स आणि कॅनव्हास ही मूडलसारखीच शिक्षणाची सॉफ्टवेअर. ओपन एडएक्सच्या मुख्य कोडला आणि कॅनव्हासला तो परवाना आहे.

परवाना कोण बदलू शकतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. मूडलच्या कुठल्याही फाइलीच्या माथ्यावर ती लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याचा कॉपीराइट असतो. वीस-बावीस वर्षांत असे किती हात लागले असतील! उद्या कुणाला हा कोड बंदिस्त करावासा वाटला, तर एवढ्या सगळ्यांची संमती गोळा करत बसावं लागेल. याउलट काही प्रकल्पांत कोड देणाऱ्याकडून आधी एका करारावर सही घेतात आणि कंपनीला व्यापक अधिकार मिळतात. सर्व्हरची मांडणी करायच्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने असा बदलला. नाराज झालेल्यांनी आधीच्या मुक्त कोडवरून ओपनटोफू नावाची वेगळी चूल मांडली. या वेगळ्या चुलीलाच फोर्क म्हणतात. तिच्याकडे पुन्हा येऊच.

आता आपल्या साडेसहा गुणांकडे वळू.

मूडलचा एक सार्वजनिक ट्रॅकर आहे. कुणीही खातं उघडून तिथे बग नोंदवू शकतं आणि नोंदीला एमडीएलपासून सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. 'बेरीज चुकते, लवकर बघा' एवढंच लिहिलं तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. आवृत्ती कोणती, अमुक प्रकारचे दोन प्रश्न घातले, गुणांकन असं ठेवलं, मग गुणपत्रक उघडलं, सात अपेक्षित होते, साडेसहा दिसले, इतकं नीट लिहावं लागतं. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला तोच बग त्याच्या संगणकावर दिसला पाहिजे. माझ्या अनुभवात चांगली लिहिलेली नोंद म्हणजे निम्मं काम झालं. आणि बहुतेक संस्था हे निम्मं कामही करत नाहीत, 'तिकडे कुणीतरी सांगितलंच असेल' म्हणून सोडून देतात.

मग कुणीतरी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहितो. तो मूडलच्या मुख्य कार्यालयातला पगारी डेव्हलपर असेल, मूडलची सेवा विकणाऱ्या कंपनीतला असेल, नाहीतर याच बगने गांजलेल्या एखाद्या विद्यापीठातला. पॅच दोन ओळींचा असू शकतो. पण तो आधी दुसरा डेव्हलपर वाचतो आणि शेरे मारतो. मग तो एकत्रीकरण करणाऱ्या छोट्या गटाकडे जातो. मुख्य कोडमध्ये लिहायचा अधिकार या गटाकडे असतो. दरम्यान स्वयंचलित चाचण्या चालतात. त्यातला बेहॅट नावाचा प्रकार मला फार आवडतो, कारण तो जवळजवळ गोष्टीसारखा लिहिलेला असतो: 'टीचर१' म्हणून लॉगिन करा, चाचणी उघडा, गुणपत्रकावर क्लिक करा, तिथे ७ दिसायला हवेत. यंत्र खरोखर ब्राउझर उघडून हे सगळं करतं आणि ७ दिसले नाहीत की लाल दिवा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालणारी दुरुस्ती मायएसक्यूएलवर आणि मारियाडीबीवरही चालली पाहिजे. शेवटी एक माणूस लिहून दिलेल्या पायऱ्यांनुसार हाताने तपासतो, आणि तो पॅच लिहिणारा नसतो. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही, हा शाळेतलाच नियम. हे सगळं आठवड्याच्या चक्रात फिरतं. पास झालेले बदल त्या आठवड्याच्या आवृत्तीत जातात आणि साधारण दोन महिन्यांनी ते सगळे मिळून एक छोटी रिलीज निघते.

दोन ओळींसाठी एवढा व्याप का, असं प्रत्येकाला एकदा तरी वाटतं. बाहेरून पॅच पाठवणाऱ्यांची तक्रार तर कायमची: "आम्ही आयतं करून दिलंय, तरी महिनोन्महिने पडून आहे." ही तक्रार अर्धी खरी आहे. दारावरचे लोक कमी आणि रांग मोठी, हे कुठल्याही मोठ्या मुक्त प्रकल्पात दिसतं. पण एकदा आत घेतलेला कोड पुढे त्यांनाच सांभाळायचा असतो. लिहिणारा वर्षभरात नोकरी बदलून निघून जातो. आज आलेला पाहुणा उद्या घरचाच होतो आणि त्याचं खाणंपिणं कायमचं यजमानावर. म्हणून तिथे 'नको' म्हणणं हेही देखभालीचंच काम आहे. मूडलमध्ये यावर एक ठाम नियम आहे: बगची दुरुस्ती चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांतही पोचवायची, पण नवी सुविधा फक्त पुढच्या मोठ्या आवृत्तीत. शिक्षकांना हा नियम आडमुठा वाटतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी पडद्यावरची बटणं इकडची तिकडे झाली, की तोच नियम देवासारखा वाटतो.

या दारावर बसणाऱ्यांचा पगार कोण देतं? त्याचं उत्तर नावात आहे. 'मूडल' हा ट्रेडमार्क पर्थच्या कंपनीकडे आहे. कोड कुणीही घेऊन विकू शकतं, पण मूडल या नावाने सेवा विकायची तर परवानगी लागते. ज्या कंपन्या अधिकृत भागीदार होतात, त्या आपल्या कमाईतला ठरावीक वाटा मुख्य कार्यालयाला देतात. त्यातून गाभ्याचं, म्हणजे मुख्य कोडचं, काम करणाऱ्यांचा पगार निघतो. कोड मुक्त आणि नाव राखीव, हे ऐकायला विसंगत वाटतं, पण ही व्यवस्था एका जुन्या प्रसंगात कामी आली होती.

ब्लॅकबोर्ड ही या क्षेत्रातली बडी व्यापारी कंपनी. २००६ मध्ये तिने ऑनलाइन शिक्षणाच्या व्यवस्थेवर अमेरिकेत पेटंट मिळवलं आणि डिझायर टू लर्न या स्पर्धकावर लगेच दावा ठोकला. मुक्त प्रकल्पांवर हे हत्यार उगारणार नाही असं तिने २००७ मध्ये जाहीर केलं, पण मनातली धास्ती गेली नाही. मार्च २०१२ मध्ये याच ब्लॅकबोर्डने मूडलरूम्स आणि नेटस्पॉट या मूडलच्या दोन भागीदार कंपन्या विकत घेतल्या. अनेकांच्या पोटात गोळा आला: आता मूडल संपलं. संपलं नाही. ब्लॅकबोर्डने विकत घेतली होती दोन दुकानं. नाव पर्थमध्येच होतं, कोडवर जीपीएल होता आणि दारावरचे लोक तेच होते. २०१८ मध्ये दोघांची भागीदारी संपली, २०२० मध्ये ब्लॅकबोर्डने तो धंदाच विकून टाकला, आणि मूडलच्या रिलीज निघतच राहिल्या.

ओपन एडएक्सची गोष्ट दुसऱ्या बाजूने जाते. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०१२ मध्ये एडएक्स सुरू केलं, जून २०१३ मध्ये त्याचा कोड खुला केला. दोन नामवंत विद्यापीठं, ना-नफा संस्था. कुणाच्या मनात शंका येणार? २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरला टूयू या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला विकलं गेलं. पैसा आणि मुक्त प्रकल्पाची जबाबदारी मूळ ना-नफा संस्थेकडे राहिली. तिचं नाव आता ॲक्झिम कोलॅबोरेटिव्ह आहे. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. अडचण अशी, की वर्षानुवर्षं कोड लिहिणारी माणसं एडएक्सची होती, आणि ती आता टूयूच्या पगारावर गेली. कंपनीला जे हवं तेवढंच ती सांभाळणार, यात तिचं काही चुकतही नाही. जुलै २०२४ मध्ये टूयूने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. प्रकल्पाच्या कारभाराचे नियम कितीही उत्तम लिहिलेले असोत, कोड लिहिणाऱ्या हातांचा पगार एकाच तिजोरीतून येत असेल, तर त्या तिजोरीला शिंक आली की सगळ्यांना सर्दी.

यावर त्या प्रकल्पाने धरलेली वाट मला शहाणपणाची वाटते. २०२० पासूनच बाहेरच्या अनुभवी लोकांना थेट कोड घालायचा अधिकार द्यायला सुरुवात झाली होती. पुढे असं ठरलं, की कोडच्या प्रत्येक भांडाराला नावानिशी सांभाळणारा हवा. एखाद्या भागाला कुणी वाली नसेल, तर तसं उघड सांगायचं. कुणी दत्तक घेतलं तर ठीक, नाहीतर आधी सूचना देऊन तो भाग काढून टाकायचा. काढून टाकायला मुक्त प्रकल्प फार कचरतात, कारण जगात कुठेतरी कुणीतरी तो वापरत असतंच. पण वाली नसलेला कोड दिसायला चालू असला, तरी त्यात सापडलेली सुरक्षेची फट बुजवायला कुणी येत नाही. जाता जाता एक गंमत: ओपन एडएक्सच्या आवृत्त्यांना झाडांची नावं असतात, तीही वर्णानुक्रमाने. ॲस्पेन, बर्च, सायप्रस करत करत गाडी टीकपर्यंत, म्हणजे चक्क सागापर्यंत आली आणि पुढेही गेली. त्यामुळे आपण किती मागे राहिलो ते नुसत्या पहिल्या अक्षरावरून कळतं. लाज वाटायला तेवढं पुरतं.

देखभाल म्हणजे फक्त बग मारणं नाही, हे पटवायला मी नेहमी मूडलच्या एडिटरची गोष्ट सांगते. शिक्षक ज्या चौकटीत मजकूर टाइप करतात, ठळक-तिरपं करतात, चित्र घालतात, ती चौकट. २०१० च्या २.० आवृत्तीपासून तिथे टायनीएमसीई नावाचा, बाहेरच्यांनी बनवलेला एडिटर होता. तो बदलून मूडलने स्वतःचा ॲटो बनवला. अपंग वापरकर्त्यांना सोपा, सुटसुटीत, सगळ्यांना आवडलेला. तो मे २०१४ मध्ये २.७ आवृत्तीबरोबर आला. ॲटोचा पाया होता याहूची वाययूआय ही कोडची लायब्ररी. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस याहूने जाहीर केलं, की वाययूआयवर आता नवं काम होणार नाही.

नव्या घराचा रंग वाळतोय तोवर पायाच्या दगडांची खाण बंद झाली. यात मूडलवाल्यांचा काय दोष? तरी निस्तरायचं त्यांनाच होतं. ॲटो चालत राहिला, पण त्याला हात लावायचा म्हणजे जगाने सोडून दिलेली भाषा बोलणारा माणूस शोधा. शेवटी नोव्हेंबर २०२२ च्या ४.१ मध्ये पुन्हा टायनीएमसीई आला, अर्थातच नव्या रूपात, आणि एप्रिल २०२५ च्या ५.० मध्ये ॲटो गाभ्यातून बाहेर पडला. फिरून फिरून भोपळे चौकात! या सगळ्यात शिक्षकाला नवीन काय मिळालं? त्याच्या नजरेत फारसं काहीच नाही. चौकट होती, चौकट आहे. पण हे काम झालं नसतं, तर एखाद्या दिवशी ब्राउझर बदलला असता आणि चौकट उघडलीच नसती. फ्लॅशवर बनवलेल्या धड्यांचं २०२० संपताना तसंच झालं. ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि मेहनतीने केलेले धडे एका तारखेला राखाडी चौकोन झाले.

दिसत नसलेल्या कामाला निधी मिळत नाही, ही या क्षेत्राची जुनी रड आहे. नवी सुविधा बनवायला अनुदान मिळतं, तिचं उद्घाटन होतं. 'जुनी लायब्ररी काढली, आता सगळं पूर्वीसारखंच चालतंय' याचं उद्घाटन कसं करणार?

आता माझ्याच घरचा एक किस्सा. मी काम हातात घेतलं तेव्हा आमचं मूडल बऱ्याच आवृत्त्या मागे होतं. कारण कुणाला माहीत नव्हतं. 'अपग्रेड केलं की मोडतं' एवढंच सगळे सांगायचे. मी एकेक फाइल त्याच आवृत्तीच्या मूळ कोडशी ताडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. पूर्वी बाहेरच्या कुणा डेव्हलपरकडून निकालपत्रकात बदल करून घेतले होते आणि त्याने वेगळं प्लगिन, म्हणजे बाहेरून जोडायचा सुटा भाग, न करता थेट गाभ्याच्या फाइलींत हात घातला होता. कुठे काय बदललं याची चिठ्ठीसुद्धा नाही. अपग्रेड म्हणजे जुन्या फाइली जाऊन नव्या येणार, म्हणजे निकालपत्रक गायब. नकळत आमच्या संस्थेने स्वतःची वेगळी चूल मांडली होती! मूडलवरच उभ्या राहिलेल्या टोटारा या सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये मूडलपासून वेगळं व्हायचं ठरवलं ते जाणूनबुजून, पदरी डेव्हलपर ठेवून. त्यापुढची प्रत्येक दुरुस्ती स्वतः करायची तयारी त्यात होती. आमच्या पदरी कोण? अर्धवेळ मी. ते बदल प्लगिनमध्ये हलवायला एक अख्खी सुट्टी गेली.

प्लगिनचीही वेगळी कथा आहे. गाभ्याला तीन-तीन तपासण्या असतात. प्लगिन मात्र एखादा शिक्षक संध्याकाळी घरी बसून सांभाळत असतो. तो कंटाळला की ते तिथेच थांबतं. म्हणून नवं प्लगिन घ्यायच्या आधी मी त्याच्या सुविधा नंतर वाचते. आधी बघते शेवटचा बदल कधी झाला, एकाच माणसाने केलाय की तीन-चार जणांनी, आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतायत का.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र सगळा कारभार उलटा. इतर बग उघड्यावर चर्चिले जातात. सुरक्षेची फट सापडली तर ती नोंद लपवून ठेवतात. दुरुस्ती रिलीजमध्ये गुपचूप जाते, नोंदणी केलेल्या साइटच्या ॲडमिनना ईमेल येतो आणि साधारण आठवड्याने तपशील जाहीर होतो. तो आठवडा म्हणजे तुमची सवलत. त्यानंतर फट कुठे आहे ते सगळ्यांना माहीत, चोरांनासुद्धा. ज्या संस्थेने साइटची नोंदणी केलेली नाही, किंवा नोंदणीत कधीच सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल आहे, तिला हे त्या आठवड्याच्या आत कळतच नाही.

तर साडेसहा गुणांचा तो बग. समजा तो नोंदवला, पॅच आला, सगळ्या तपासण्या झाल्या, दुरुस्ती निघाली. आमच्या शिक्षिकेला सात कधी दिसणार? तिची संस्था ४.५ वर आहे. ती ऑक्टोबर २०२४ ला आलेली, दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती. ॲडमिनने मोठ्या विचाराने तीच निवडली होती, 'तीन वर्षं बघायला नको' म्हणून. तो आधार नीट वाचला तर कळतं, की तीन वर्षं फक्त सुरक्षेची आहेत, ऑक्टोबर २०२७ पर्यंत. साध्या बगची दुरुस्ती इतर आवृत्त्यांसारखीच पहिले बारा महिने. बेरीज चुकणं ही काही सुरक्षेची फट नव्हे. बारा महिने उलटल्यावर आलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्त्यांत जाईल, ४.५ मध्ये येणार नाही. पुढे जायचं तर ५.० ला पीएचपी ८.२ (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिची आवृत्ती) लागतं आणि संस्थेच्या सर्व्हरवर ८.१ आहे. सर्व्हरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, परीक्षा संपेपर्यंत काही हलवायचं नाही.

तोवर शिक्षिकेने गुणपत्रकातला तो रकाना उघडलाय, मूडलच्या सोयीप्रमाणे आकडा हाताने बदलून ७ लिहिलाय आणि शेऱ्यात 'बेरीज तपासली' असं टाकलंय.